सेकंड हँड गाडीवर वाढीव वॉरंटी घ्यायची का? पैसे भरण्याआधी हे बघा

नाशिकला एका कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये वॉरंटीच्या टेबलावर माझी बरीच वर्षं गेली. गाडी आली की जॉब कार्ड (तक्रार आणि कामाची नोंद) उघडायचं, फोटो काढायचे, कंपनीला क्लेम पाठवायचा. मंजूर झाला तर ठीक, नाही झाला तर गिऱ्हाइकाची बोलणी खायला मी होतेच. आता नवऱ्याच्या गॅरेजचे हिशेब बघते. त्यामुळे नात्यात कुणाची जुनी गाडी ठरत आली की फोन येतो, "एजंट वॉरंटी देतोय, घेऊ का?"

फोनवर मी हो-नाही काहीच सांगत नाही. कागद पाठव म्हणते, अख्खा. बहुतेकांकडे तो नसतो. व्हॉट्सॲपवर आलेलं एक रंगीत पत्रक असतं, त्यावर 'इंजिन व गिअरबॉक्स कव्हर' असं ठसठशीत लिहिलेलं आणि शेजारी हसणारं कुटुंब. पूर्ण अटी पैसे भरल्यावर मेलवर येतील असं विकणारा म्हणाला, तर माझ्यापुरता विषय तिथेच संपतो.

कागद मिळाला, की पुढचं.

गाडीवर आधीची वॉरंटी शिल्लक आहे का?

सगळ्यात स्वस्त वॉरंटी ती, जिचे पैसे आधीच्या मालकाने भरलेत. कंपनीची मूळ वॉरंटी सहसा गाडीसोबत पुढच्या मालकाकडे जाते. शोरूममधून गाडी घेताना पहिल्या मालकाने ॲक्सेसरीज, विमा, टेफ्लॉन कोटिंग यांच्या जोडीला वाढीव वॉरंटीही घेतलेली असते आणि दोन वर्षांत तो ती साफ विसरलेला असतो. विकताना त्याला आठवत नाही, एजंटला सांगायची गरज वाटत नाही, आणि आपण त्याच गाडीवर दुसरा कागद विकत घेऊन मोकळे होतो.

म्हणून विकणाऱ्याला सोबत घेऊन त्या कंपनीच्या कोणत्याही अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा. आरसी आणि चासी नंबर द्या. गाडी कधी विकली गेली, कोणत्या सर्व्हिसला किती रनिंग होतं, वॉरंटी कोणत्या तारखेला किंवा किती किलोमीटरला संपते, वाढीव घेतलीय का, हे त्यांच्या सिस्टिमवर दिसतं. जाता जाता मीटरही तपासून होतो. २०२२ च्या जॉब कार्डवर एकाहत्तर हजार आणि आज मीटरवर चौपन्न हजार, अशी गाडी असेल तर वॉरंटीचा प्रश्नच मिटला. ती गाडीच घेऊ नका. मीटर फिरवलेल्या गाडीचा क्लेम कुणी मंजूर करत नाही.

वर्षही नीट बघा. मारुतीचं उदाहरण घ्या. त्यांची मूळ वॉरंटी २ वर्षं किंवा ४०,००० किलोमीटर असायची. जुलै २०२४ मध्ये ती ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर झाली आणि पैसे भरून ६ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरपर्यंत वाढवण्याची सोय आली. म्हणजे बाहेरून जुळ्या दिसणाऱ्या दोन गाड्या, एक मे २०२४ ची आणि एक ऑगस्टची, कागदावर वेगळ्या असू शकतात. 'जे आधी होईल ते' हे शब्द सगळीकडे असतात, त्यामुळे भरपूर पळालेल्या गाडीची वॉरंटी तारखेच्या कितीतरी आधी संपलेली असते.

वॉरंटी शिल्लक निघाली तर ती तुमच्या नावावर करून घ्यायचा अर्ज, त्याची मुदत आणि फी तिथेच विचारून घ्या. इलेक्ट्रिक गाडीत तर हे दोनदा विचारा, कारण बॅटरीच्या वॉरंटीत पहिला मालक आणि दुसरा मालक असा फरक केलेला असू शकतो. टाटाने २०२५ मध्ये हॅरियर ईव्हीच्या बॅटरीवर आजीवन वॉरंटी जाहीर केली, ती पहिल्या मालकासाठी. 'आजीवन' एवढाच शब्द ऐकून जास्त पैसे मोजू नका.

काही कंपन्या मूळ वॉरंटी संपलेल्या गाडीलाही तपासणी करून वाढीव वॉरंटी देतात. होंडाची 'एनी टाइम वॉरंटी' त्यातलीच. आपल्या गाडीला अशी सोय आहे का, हे एजंटचा कागद हातात घेण्याआधी विचारा. कंपनीचा कागद असला की क्लेम करायला तेच वर्कशॉप, तोच पार्ट, तीच सिस्टिम. मधला माणूस कमी झाला की भांडणही कमी.

गाडीत महागडं काय आहे?

वॉरंटी 'गाडीवर' घेतली जाते असं आपल्याला वाटतं. खरं तर ती तीन-चार भागांसाठी असते. बाकीचं तुम्ही तसंही खिशातून करणार. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, वायपर, टायर, बल्ब, सस्पेन्शनचे बुश हा झिजणारा माल कुठल्याही वॉरंटीत सहसा नसतो. बारा व्होल्टच्या बॅटरीची वॉरंटी बॅटरी बनवणाऱ्याकडे वेगळी असते.

मग उरतं काय? साधी पेट्रोल गाडी, हाताने गिअर टाकायची, टर्बो नसलेली, रनिंग साठ-सत्तर हजारांच्या आत, सगळ्या सर्व्हिस शोरूमला झाल्याची नोंद असेल तर फार काही उरत नाही. एसीचा कॉम्प्रेसर, पॉवर स्टिअरिंगची मोटर, अल्टरनेटर. खर्च आहे, पण तो पेलण्यासारखा असतो, पार्ट बाहेर मिळतो आणि गल्लीतला चांगला फिटर तो करू शकतो.

ऑटोमॅटिक आली की हिशेब बदलतो. एएमटी, ड्युअल क्लच, सीव्हीटी हे ऑटोमॅटिकचे प्रकार. एएमटीमध्ये क्लच आणि गिअर हलवणारा ॲक्च्युएटर, ड्युअल क्लचमध्ये गिअर चालवणारं मेकाट्रॉनिक युनिट, सीव्हीटीमध्ये पट्टा आणि पुली. यातलं एक गेलं की एस्टिमेट हजारांतून लाखाकडे सरकायला लागतं. टर्बो डिझेलमध्ये इंजेक्टर, टर्बो, हाय प्रेशर पंप. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस सिक्स डिझेल गाड्यांच्या धुरांड्यात काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टरही असतो. गाडी रोज नुसती गावातल्या गावात फिरली, हायवेला नीट गरम झालीच नाही, की तो चोंदतो. तो साफ करणं हे 'मेंटेनन्स' आहे असं म्हणून पुष्कळ कागद हात झटकतात.

गाडी ज्याला दाखवताय त्या मेकॅनिकला एकच विचारा: "या मॉडेलमध्ये या रनिंगला काय जातं आणि किती लागतात?" त्याने सांगितलेले तीन भाग चिठ्ठीवर लिहून घ्या. पुढचं सगळं वाचन त्या चिठ्ठीपुरतं.

कागद शेवटच्या पानापासून वाचा

पहिलं पान विकण्यासाठी असतं. मी उलटीकडून सुरू करते.

यादी कोणत्या पद्धतीची आहे ते आधी ओळखा. 'खालील भाग वगळून सर्व' असं असेल तर बरं. 'फक्त खालील भाग' असेल तर चिठ्ठीतले तिन्ही भाग त्यात नावानिशी शोधा. 'इंजिन कव्हर' याचा अर्थ पुष्कळदा इंजिनाच्या आतले, तेलात फिरणारे लोखंडी भाग एवढाच असतो. सेन्सर, इंजेक्टर, टर्बो, ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) त्यात धरलेले नसतात. आणि नव्या गाड्यांत बिघडतं ते बहुधा नेमकं हेच. 'गिअरबॉक्स'मध्ये एएमटीचा ॲक्च्युएटर येतो का, हे लेखी विचारा. "येतो ना मॅडम, सगळं येतं" हे उत्तर धरायचं नाही. मेलवर एक ओळ मागायची.

नंतर आकडे. एका क्लेमला कमाल किती? सगळे क्लेम मिळून किती? मजुरी धरलीय का? प्रत्येक वेळी तुमच्या खिशातून ठरावीक रक्कम जाते का? काही कागदांत रनिंगप्रमाणे पार्टच्या किमतीत तुमचा हिस्सा वाढत जातो; ते कोष्टक बारीक अक्षरात असतं. सुरुवातीचे किती दिवस क्लेम करता येत नाही? गाडी उघडून बघायची मजुरी, आणि उघडल्यावर क्लेम नाकारला तर ती कोण देणार?

त्यानंतर एक कलम असतं ज्याच्यावर मी सर्वांत जास्त लोक आपटलेले पाहिले: न धरलेल्या भागामुळे धरलेल्या भागाचं नुकसान झालं तर भरपाई नाही. एक डिझेल गाडी मुंबईहून येताना कसारा घाटात तापली. कूलंटचा होज पाइप फाटला होता. मालकांनी बाटलीतलं पाणी ओतलं आणि इगतपुरीपर्यंत गाडी आणली, तिथे पुन्हा पाणी, मग घोटी. टो होऊन आमच्याकडे आली तेव्हा हेड वाकलेलं, गॅस्केट गेलेलं, कूलंटच्या टाकीत तेलाचा चहासारखा फेस. स्कॅनर लावला तर गाडी किती तापली होती त्याची नोंद कोडसकट आत बसलेली. कागद त्यांनी बाहेरच्या कंपनीचा घेतला होता. त्यात सिलिंडर हेड होतं, गॅस्केटही होतं. होज पाइप रबराचा, म्हणून नव्हता. क्लेम नामंजूर. "मॅडम, पान दोनवर हेड लिहिलंय ना?" ते परत परत तेच विचारत होते. पान दोनवर लिहिलेलंच होतं. पण पान सातवर 'परिणामी नुकसान' आणि 'इशारा दिवा लागल्यावर गाडी चालवणे' या दोन ओळी होत्या. मी टेबलाच्या पलीकडे होते तरी मला तो नकार पटला नव्हता. पण सही त्यांची होती. (वॉरंटी असो वा नसो, तापमानाचा लाल दिवा लागला की गाडी बाजूला घ्या आणि बंद करा. पुढच्या ढाब्यापर्यंतसुद्धा नको.)

तसंच आणखी एक: आधी परवानगी, मग पाना. संगमनेरला गाडी बंद पडली, तिथल्या फिटरने चांगुलपणाने गिअरबॉक्स उतरवला आणि संध्याकाळी वॉरंटीवाल्यांना फोन केला. संपलं. उघडलेला भाग बघायला कुणी येत नाही. हेल्पलाइनचा नंबर आरसीसोबत ठेवा आणि तक्रार क्रमांक मिळेपर्यंत कुणाला बोनेटच्या आत हात घालू देऊ नका.

बाहेरून बसवलेला सीएनजी किट, तार कापून घातलेला मोठा म्युझिक सिस्टिम, कधीकाळी पिवळ्या पाटीवर चाललेली गाडी, यांपैकी काही असेल तर ते कागदावर चालतं का हे आधीच विचारा. नंतर ते कारण म्हणूनच समोर येतं. पाण्यात बुडालेल्या गाडीचं तर नावच नको. २०१९ ला सांगली-कोल्हापूर, जुलै २०२१ ला चिपळूण. त्या पुरांतल्या गाड्या धुऊन पुसून कुठे कुठे गेल्या असतील. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढून शेवटच्या टोकाला गाळाची रेघ आहे का बघा. पुराच्या पाण्याने सडलेलं वायरिंग कोणतीही वॉरंटी भरून देत नाही.

पेट्रोलचाही विचार करा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल (ई२०) मिळतं आणि एप्रिल २०२३ च्या आधीच्या पुष्कळ गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. 'अयोग्य इंधनामुळे झालेला बिघाड' हे कलम दिसलं तर ई२० भरलेलं चालेल का, हे मेलवर विचारा. बहुतेक पंपांवर दुसरं काही मिळतच नसताना त्या कलमाचा अर्थ काय लावणार, हे त्यांनीच लिहून द्यावं.

भाच्याचा हिशेब

माझा भाचा सिन्नरला राहतो, कामाला अंबड एमआयडीसीत. त्याने २०१९ ची एएमटी पेट्रोल हॅचबॅक बघितली, चार लाख दहा हजारांत ठरली. एजंटचा कागद साडेचौदा हजारांचा. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १७,११० रुपये. मुदत १ वर्ष किंवा १५,००० किलोमीटर. पहिले ३० दिवस क्लेम नाही. एका क्लेमला कमाल चाळीस हजार.

"आत्या, महिन्याला दीड हजारच पडतात गं."

पडत नाहीत. त्याचं जाऊन-येऊन साठ किलोमीटर होतं. महिन्याला पंचवीस दिवस धरले तर दीड हजार किलोमीटर. म्हणजे पंधरा हजार दहा महिन्यांत संपणार, आणि त्यातला पहिला महिना कव्हरच नाही. हातात उरले नऊ महिने, महिन्याला एकोणीसशे. आणि मेलवर विचारल्यावर उत्तर आलं, ॲक्च्युएटर 'इलेक्ट्रॉनिक घटक' म्हणून वगळलेला आहे. चिठ्ठीवर त्याच्या मेकॅनिकने पहिलं नाव तेच लिहिलं होतं.

तो कागद आम्ही सोडला. एजंटला म्हटलं, वॉरंटी नको, मागचे दोन्ही टायर नवे टाकून द्या. थोडी खळखळ केली, पण दिले. सतरा हजारांतले काही ऑइल, कूलंट, एएमटीचं फ्लुइड बदलण्यात आणि पूर्ण स्कॅनिंगमध्ये गेले, बाकीचे त्याने आवर्ती ठेवीत टाकायला सुरुवात केली. पार्ट गेला नाही तर पैसे त्याचेच.

हाच हिशेब उलटाही येतो. नणंदेने सेकंड हँड डिझेल ऑटोमॅटिक एसयूव्ही घेतली. मूळ वॉरंटीचे काही महिने शिल्लक होते आणि कंपनीचीच वाढीव वॉरंटी अजून घेता येत होती. 'हे वगळून सर्व' पद्धतीची, मजुरीसकट. टर्बो, इंजेक्टर, गिअरबॉक्सचं कंट्रोल युनिट, तिन्ही आत. रक्कम भाच्याच्या कागदाच्या दुपटीहून जास्त होती, तरी मी घे म्हटलं. ती वर्षाला फार पळवत नाही, गाडी पाच वर्षं ठेवणार आहे, आणि त्यातला एक पार्ट गेला तर सगळी रक्कम वसूल. शिवाय मधेच गाडी विकली तर वॉरंटी पुढच्याच्या नावावर जाते, म्हणजे विकतानाही दोन पैसे जास्त मागता येतात.

तेव्हा माझा कल सरळ आहे. कंपनीचा कागद आणि महागडे भाग त्यात असतील तर घ्या. साधी मॅन्युअल पेट्रोल गाडी आणि तिसऱ्याच कुणाचा कागद असेल तर तेवढे पैसे बँकेत ठेवा. सात-आठ वर्षांपुढच्या गाडीवर बाहेरच्या कंपनीचा कागद मला तरी फारसा कधी पटलेला नाही. त्या वयात बहुतेक बिघाडाला 'झीज' हे नाव देता येतं. आणि अचानक साठ-सत्तर हजारांचं बिल आलं तर घरात अडचण होणार असेल, तर थोडा महाग पडला तरी चांगला कागद घेण्यात गैर काही नाही. विकणाऱ्या दुकानाने गाडीच्या किमतीतच सहा महिने, वर्षभराची वॉरंटी दिली असेल तर ती अर्थात घ्याच, पण तीही वरच्याच पद्धतीने वाचा, आणि 'फुकट' म्हणून किमतीतली घासाघीस सोडू नका.

विमा आणि वॉरंटी यांची गल्लत पुष्कळजण करतात. ठोकली, चोरीला गेली, पुरात बुडाली तर विमा. आपोआप बिघडली तर वॉरंटी. विम्यात झिरो डेप (पार्टच्या जुनेपणाची घट न कापता भरपाई) घेतला म्हणून गिअरबॉक्स कुणी बदलून देत नाही. गाडी नावावर होताच विमाही १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला टाका, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीला विमा कंपनी हात वर करते.

घेतलीच तर

सर्व्हिस वेळेवर, आणि कागदात लिहिलंय तिथेच. २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने चौदा कार कंपन्यांना दंड केला तेव्हा बाहेर सर्व्हिस केली एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करू नये असंही बजावलं होतं. पण कंपन्या त्यावर अपिलात गेल्या, आणि तुमची गाडी वर्कशॉपच्या दारात उभी असताना तो आदेश काउंटरवर वाचून दाखवण्यात अर्थ नसतो. आमच्या गॅरेजमध्ये वॉरंटीतली गाडी सर्व्हिसला आली की आम्ही स्वतःच शोरूमला पाठवतो. वॉरंटी संपल्यावर या म्हणतो.

प्रत्येक बिल ठेवा: तारीख, रनिंग, ऑइलचा ग्रेड, जीएसटी नंबर. जॉब कार्डवर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या. 'जनरल चेकअप' असं लिहिलं की महिनाभराने तोच आवाज वाढल्यावर दाखवायला काही उरत नाही. 'पहिला-दुसरा गिअर बदलताना धक्का, थंड इंजिनला' असं लिहा.

क्लेम नाकारला तर कलमाच्या नंबरासकट लेखी कारण मागा. तोंडी नकार मान्य करू नका. लेखी मागितल्यावर काही नकार आपोआप मऊ होतात, हे मी टेबलाच्या आतल्या बाजूने पाहिलंय. तरीही अडलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, अर्ज ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन होतो, आणि मुदत दोन वर्षांची. दरम्यान गाडी लागणारच असते, म्हणून बहुतेकजण स्वतःच्या पैशाने दुरुस्त करून घेतात. तसं केलंत तर काढलेला जुना पार्ट वर्कशॉपमधून मागून घ्या, त्याचे फोटो काढा आणि निकाल लागेपर्यंत भंगारवाल्याला देऊ नका.